आधी डेटाशीट, मग झाकण

रीकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जिवात जनुक घालून बनवून घेतलेल्या, केमोकाइनची नवी कुपी हातात आली की मी शुद्धतेच्या आकड्यात अडकत नाही. ९५ टक्के असो की ९८, माझ्या प्रयोगाचं त्यावाचून फारसं अडत नाही. मी आधी बघते ते हे की प्रथिनाची साखळी कुठल्या अमिनो आम्लापासून सुरू होते. डेटाशीटवर ते नसेल तर उत्पादकाला मेल टाकते आणि उत्तर येईपर्यंत कुपी उणे २० च्या फ्रीझरमध्ये पडून राहते. आमच्याकडच्या नव्या मुलांना हे सोवळं वाटतं. वाटू दे.

केमोकाइन म्हणजे ८ ते १० किलोडाल्टनचं इवलंसं प्रथिन. माणसात अशी पन्नासच्या आसपास आहेत, त्यांना ओळखणारे पेशींवरचे रिसेप्टर वीसेक, आणि पांढऱ्या पेशींनी कुठे जायचं हे बऱ्याच अंशी तीच ठरवतात. एवढं पाठ्यपुस्तकात मिळतं. तिथे पुरेसं ठसत नाही ते असं की या प्रथिनाचं अंग रिसेप्टरला धरून ठेवतं, पण रिसेप्टर चालू करायचं काम साखळीच्या सुरुवातीची मोजकी आम्लं करतात. हे टोक सैल असतं, त्याला ठरलेला आकार नसतो, आणि ते रिसेप्टरच्या आतल्या खाचेत शिरतं. तिथे एखादं आम्ल इकडचं तिकडे झालं, तर प्रथिन रिसेप्टरला नीट चिकटतं आणि पेशी मात्र ढिम्म हलत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रँटेसचं. आता त्याला सीसीएल५ म्हणतात, पण प्रयोगशाळेत जुनं नाव सुटत नाही. १९९६ मध्ये अमांडा प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत हे प्रथिन बनवलं. जिवाणू कुठलंही प्रथिन मेथिओनिनपासून सुरू करतो आणि पुष्कळदा नंतर ते कापून टाकतो. इथे ते कापलं गेलं नाही. मूळ साखळी सेरीनपासून सुरू होते, तिच्या पुढे हे एक जादा मेथिओनिन राहून गेलं. बाकी प्रथिन जसंच्या तसं, आणि रिसेप्टरला चिकटणंही झकास. फक्त पेशींना बोलावण्याऐवजी ते खऱ्या रँटेसची वाट अडवायला लागलं. मेट-रँटेस या नावाने ते पुढे सीसीआर१ आणि सीसीआर५ हे रँटेसचे रिसेप्टर रोखण्यासाठी सर्रास वापरलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी रँटेस आणि त्याची दोन भावंडं एचआयव्हीला अडवतात हे समोर आलं होतं, आणि १९९६ मध्ये सीसीआर५ हे त्या विषाणूचं दार आहे हेही कळलं. त्यामुळे रँटेसच्या टोकाशी खेळण्याला एकदम महत्त्व आलं.

तुमच्या कुपीत असं काही असेल का? असू शकतं. मेथिओनिन कापणारं जिवाणूचं एन्झाइम पुढचं आम्ल लहान असलं तरच नीट काम करतं. सीएक्ससीएल१२ या दुसऱ्या केमोकाइनची सुरुवात लायसिनने होते, म्हणजे चांगल्या लांबलचक आम्लाने, तिथे ते एन्झाइम हात टेकतं. म्हणून चांगले उत्पादक पुढे सुमो नावाच्या छोट्या प्रथिनासारखा एखादा तुकडा जोडून प्रथिन बनवतात आणि मग तो अचूक जागी छाटतात, जेणेकरून मागे एकही जादा आम्ल उरत नाही. काही जण मात्र शुद्धीकरण सोपं जावं म्हणून सहा हिस्टिडिन आम्लांचा टॅग, म्हणजे प्रथिन पकडायची शेपटी, नेमका सुरुवातीलाच लावतात आणि तसाच ठेवतात. तो टॅग शेवटी लावला असता तर माझी सहसा हरकत नसती. सुरुवातीला असेल तर ते प्रथिन वेस्टर्न ब्लॉटला वापरा, एलायझाला वापरा, म्हणजे प्रथिन नुसतं ओळखायच्या चाचण्यांना, पेशींवर घालू नका.

आयएल-८ या केमोकाइनची वेगळीच तऱ्हा. ते ७७ आम्लांचंही मिळतं आणि ७२ आम्लांचंही, आणि दोन्ही खरीच आहेत: रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी लांब रूप बनवतात, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मुख्यतः आखूड. पुढची पाच आम्लं गेलेलं आखूड रूप न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर जास्त जोरात काम करतं. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून वाद चाललेला असतो आणि दोघांच्या फ्रीझरमध्ये दोन वेगळी आयएल-८ असतात, हे मी पाहिलंय. (आणि उंदरात आयएल-८ नसतंच. "माउस आयएल-८" अशी मागणी घेऊन कुणी आलं की मी त्यांना उंदरात त्याच्या जागी काम करणाऱ्या सीएक्ससीएल१ आणि सीएक्ससीएल२ कडे पाठवते.)

कुपी चांगली निघाली म्हणजे सुटलो असंही नाही. डीपीपी४ नावाचं एन्झाइम सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पेशींविना द्रवात, असतं, टी पेशींच्या अंगावरही असतं, आणि ते सीएक्ससीएल१२ ची पहिली दोन आम्लं उडवतं. दोन आम्लं गेली की काम संपलं. त्यामुळे दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात हे प्रथिन घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी परिणाम दिसत नाही म्हणून कुपीच्या नावाने बोटं मोडायची, यात अर्थ नाही. स्थलांतराचे प्रयोग मी सीरमशिवाय, अर्धा टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या माध्यमात करते.

बीएसए आणखी एका कारणासाठी लागतं. बहुतेक केमोकाइनवर भरपूर धन प्रभार असतो आणि ती प्लास्टिकला चिकटतात. पातळ द्रावण साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर थोड्याच वेळात त्यातलं बरंचसं भिंतीवर गेलेलं असतं, आणि आपण दहा नॅनोमोलर म्हणून पेशींना भलतंच काही देत असतो. माझी पद्धत ठरलेली आहे. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची, कारण सुकवलेली पावडर बऱ्याचदा झाकणाला लागलेली असते. मग निर्जंतुक पाणी घालून ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून दाट साठा करायचा. व्हॉर्टेक्स नाही, हलकेच वरखाली करायचं. एका वेळेला पुरतील एवढे छोटे भाग लो-बाइंड ट्यूबमध्ये करून उणे ८० ला ठेवायचे, आणि एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही.

आता प्लेट. चोवीस खणांची, खालच्या खणात ६०० मायक्रोलिटर केमोकाइन, वर ५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याचा छोटा कप, म्हणजे इन्सर्ट, आणि त्यात १०० मायक्रोलिटर टी पेशी. इन्सर्ट सरळ खाली सोडला की पडद्याखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या भागातून एकही पेशी खाली जात नाही. तो तिरका धरून एक कड आधी द्रवाला टेकवायची, मग हळू सोडायचा, आणि प्लेट डोळ्यांच्या वर धरून खालून बघायचं. बुडबुडा असेल तर चंदेरी वर्तुळ दिसतं. पेशी घालण्याआधी बघायचं, नंतर बघून काय उपयोग. मग ३७ अंशांवर दोन-तीन तास, आणि खाली उतरलेल्या पेशींची फ्लो सायटोमीटरवर मोजणी.

मात्रा मात्र एकच घेऊन भागत नाही. केमोकाइनचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो: वाढवत नेलं की पेशी जास्त येतात, शिखर गाठतं, आणि आणखी वाढवलं की कमी येतात. पेशीला कळतो तो फरक, म्हणजे अंगाच्या एका बाजूला किती रिसेप्टर भरलेत आणि दुसऱ्या बाजूला किती. घरभर अगरबत्तीचा वास भरला की ती कुठल्या खोलीत लावलीय ते सांगता येत नाही, तसंच. शिवाय जास्त मात्रेत रिसेप्टर आत ओढले जातात. १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर सीएक्ससीएल१२ म्हणजे साधारण १२ नॅनोमोलर. मी नेहमी नॅनोमोलरमध्येच लिहिते, म्हणजे वेगवेगळ्या वजनांची केमोकाइन शेजारी ठेवून बघता येतात. काही खणांत वर आणि खाली सारखंच केमोकाइन घालते. तरीही पेशी खाली येत असतील तर त्या दिशा धरून चाललेल्या नाहीत, नुसत्या चेकाळून भटकतायत. झिगमंड आणि हिर्श यांनी १९७३ मध्ये दाखवलेली ही चेकरबोर्डची युक्ती, पण अजूनही कित्येक पेपरांत ती नसते.

एंडोटॉक्सिनबद्दल थोडक्यात. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनात त्या जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, थोडंफार येतंच, आणि मोनोसाइटांना ते फार लवकर कळतं. "उकळून बघा, परिणाम टिकला तर एलपीएस" हा सल्ला इतर सायटोकाइनांना (पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांना) ठीक आहे. आयएल-८ उष्णतेला दाद देत नाही, तिथे या उकळण्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा रिसेप्टर अडवून बघावं. सीएक्ससीआर४, म्हणजे सीएक्ससीएल१२ चा रिसेप्टर, अडवायला एएमडी३१००, किंवा रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारं जी-आय प्रथिन बंद करणारं पर्टुसिस टॉक्सिन. परिणाम गेला तर तो केमोकाइनचा.

तपासणीला पेपर येतो तेव्हा पद्धतींच्या भागात नुसतं "रीकॉम्बिनंट सीएक्ससीएल१२, १०० नॅनोग्रॅम" असतं. मी पहिलं आम्ल, टॅग कुठल्या बाजूला, सीरम होतं का आणि बीएसए किती, एवढं विचारते. बहुतेक जण दुसऱ्या फेरीत मुकाट्याने भरून पाठवतात. एखाद्याचं उत्तर यायला फार वेळ लागतो, आणि मग पुरवणीत नव्या कुपीने परत केलेला प्रयोग असतो.