तुम्ही विचारलंत म्हणून: बेघर माणसाची बिडी कशाला सोडवता?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की समोरच्याने "अहो भाऊ" म्हटलं की मी ओळखतो, आता हेच येणार. "ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याची बिडी कशाला सोडवताय, तेवढंच तर सुख आहे बिचाऱ्याला." मी धुळ्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी बेघर निवाऱ्यात जातो, पगारबिगार काही नाही, खिचडी वाढायला जायचो आणि मग हे काम गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी मलापण असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग एक बाबा भेटले. कानावर कायम अर्धी बिडी. बिडी तशीही विझते, सारखी ओढत राहावी लागते, पण हे मुद्दाम विझवायचे, दोन बोटांत टोक चिमटून, नखं पार काळी पडलेली. एकच बिडी तीनदा पेटवून पुरवायची. म्हटलं बाबा, एवढी काटकसर? तर म्हणे, "भूक लागस तवय वढस भाऊ, भूक मरी जास."

आता यात सुख कुठंय ते तुम्हीच सांगा. निकोटिनने भूक दबते हे मी नंतर डॉक्टरकडून ऐकलं, बाबांना ते उपाशी राहून कळलेलं. मी विचारलं, सोडायची इच्छा आहे का? जरा वेळ बघत राहिले. "सोडानी तं शे, पन आजलगून कोनी इचारंच नही."

बस, एवढंच माझं उत्तर आहे खरं तर. त्यांना सोडायचीच नसेल हे आपणच ठरवून मोकळे होतो.

पण विचारल्यावर मी काय माती खाल्ली तेपण ऐका. म्हटलं आजपासून बंद, आणि बंडल घेऊन गटारीत टाकलं, एकदम हिरोगिरी. दुसऱ्या दिवसापासून बाबा गायब. डिसेंबर, धुळ्यात थंडीत पारा सहा-सातावर येतो हे इथल्यांना सांगायला नको, आणि हा माणूस माझ्यामुळे आठ रात्री पांझरा नदीच्या काठी झोपला. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड, झोप नाही, आणि मी नेमका तेव्हाच त्यांचा निवारा घालवला. तेव्हापासून नियम एकच, बिडी ओढली म्हणून कुणाला बाहेर काढायचं नाही, आत ओढू नका, अंगणात ओढा.

मी स्वतः सिगारेट सोडलीय, पण माझ्याकडे भांडायला बायको होती आणि वेळेवर डबा होता, रिकाम्या पोटी कोण सोडणार? म्हणून आधी संध्याकाळचं जेवण लवकर केलं, कारण तलफ भुकेच्या वेळीच जोरात येते. सरकारी क्विटलाइन आहे, म्हणजे बिडी-तंबाखू सोडायला फोनवरून मदत, १८००-११-२३५६, फुकट आहे, ते परत फोनपण करतात, पण ज्याचा फोन चोरीला गेलाय त्याला कुठं करणार? मग नंबर माझा दिला, आता माझाच फोन वाजतो आणि मी म्हणतो थांबा, देतो.

तलफ भागवायला निकोटिनची चुईंगम असते, दोन मिलिग्रॅमवाली मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. पण ती साध्या चुईंगमसारखी चघळत बसायची नसते, हळूहळू चावायची, तोंडात झणझण झाली की गालात दाबून ठेवायची. आणि चहावर लगेच नको, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. आता चहा आणि बिडी ही जोडी तोडायला सांगणं म्हणजे खान्देशात भरताशिवाय हिवाळा काढा म्हणण्यासारखं आहे. बाबांना तर वरचे दातच नव्हते! शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी, लिहून दिला. ज्यांची मानसिक आजाराची औषधं चालू आहेत त्यांना मी आधी डॉक्टरकडेच नेतो, धूर बंद झाला की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बघावा लागतो.

किती जणांची सुटली विचाराल तर थोड्यांची, आणि त्यातल्या काहींनी परत धरली. बाबांची दोनदा सुटली, दोनदा लागली, आता तिसऱ्यांदा चालू आहे. कान सध्या रिकामा आहे, पण हात अजून सवयीने तिकडे जातो.

बाकी नंतर लिहितो, एकाची चुईंगम संपलीय आणि मेडिकल नऊला बंद होतं.