पत्ता कुठे संपतो? जुन्या नोंदींतले दुवे जिवंत करताना

मंडळी, वाचनाच्या जुन्या नोंदींमधला प्रत्येक वेबपत्ता टिचकी मारून उघडेल असा करायचा, हे काम मी अखेर हातात घेतलं. साध्या मजकुराच्या फायली आहेत, त्यांत जागोजाग पेस्ट केलेले पत्ते, मोजून ४१२. पायथन या संगणकभाषेत एक लहान प्रोग्रॅम लिहितेय. तो मजकूर वाचतो, पत्ता दिसला की त्याचा दुवा करतो आणि सगळं एचटीएमएल पानात लिहून काढतो. तीन आठवडे झाले. कुठवर आलेय, कुठे अडले आणि कशाने सुटलं ते इथे मांडतेय, कारण यातल्या निम्म्या अडचणी मराठीत लिहिणाऱ्यालाच येतात.

पहिला आठवडा

सुरुवातीला एकच नियम केला. 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस', पुढे अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा, आणि मग मोकळी जागा येईपर्यंत जे असेल तो पत्ता. एवढ्यावरच अडीचशेहून जास्त दुवे नीट उघडले.

उरलेल्यांत सगळ्यात मोठा गट 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा. त्यांतले बरेचसे मी पूर्वी हातानेच एचरेफमध्ये (एचटीएमएलमधली दुव्याचा पत्ता लिहायची जागा) तसेच्या तसे टाकले होते. दिसायला निळे, अधोरेखित, पण टिचकी मारली की पान सापडत नाही. कारण साधं आहे. सुरुवातीला 'एचटीटीपीएस://' नसेल तर ब्राउझर त्याला सापेक्ष पत्ता समजतो आणि तुमच्याच पानाशेजारी त्या नावाची फाइल शोधायला जातो. तेच अक्षर न् अक्षर वरच्या पट्टीत टाइप केलं तर मात्र उघडतं, कारण तिथे ब्राउझर सुरुवातीचा भाग स्वतः जोडून घेतो. 'माझ्याकडे तर उघडतंय' हा घोळ इथूनच होतो. ओळखायची खूण अशी: न उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता वाचा. सुरुवातीला तुमच्याच पानाचा पत्ता आणि त्याच्या शेपटीला दुसरा चिकटलेला दिसला, तर हेच झालंय.

त्या दोन तिरक्या रेघा खरं तर नसत्या तरी चाललं असतं, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये सांगितलं होतं. माझ्या प्रोग्रॅमला मात्र पत्ता कुठे सुरू होतो ते त्यांच्यामुळेच कळतं, त्यामुळे त्या आहेत याचा मला आनंदच आहे.

पत्त्याची सुरुवात अशी ओळखता येते. शेवट ओळखणं हेच या सगळ्या छंदातलं खरं कोडं आहे.

पूर्णविराम आणि कंस

वाक्याच्या शेवटी पत्ता लिहिला की त्याला पूर्णविराम चिकटतो. यादीत लिहिला की स्वल्पविराम. माझ्या 'मोकळ्या जागेपर्यंत' या नियमाने ते दोन्ही दुव्यात ओढले आणि पानं ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दाखवू लागली. विरामचिन्हं पत्त्यात चालतच नाहीत असं असतं तर प्रश्न मिटला असता, पण तसं नाही. पत्त्यांचं व्याकरण ठरवणाऱ्या आरएफसी ३९८६ या जानेवारी २००५ च्या दस्तऐवजात पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, उद्गारचिन्ह हे सगळं पत्त्यात वैध आहे. म्हणजे नुसतं अक्षर बघून काही ठरवता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. मी शेवटचं विरामचिन्ह सोडून द्यायचं ठरवलं. पूर्णविरामाने संपणारा खरा पत्ता मला अजून तरी भेटलेला नाही.

कंसांचं तसं नाही. विकिपीडियावर एकाच नावाचे दोन विषय असले की शीर्षकापुढे कंसात खुलासा येतो, आणि पत्ता खरोखरच बंद होणाऱ्या कंसाने संपतो. उलट आपण कधी कधी अख्खा पत्ताच कंसात लिहितो, तिथे तो कंस आपल्या वाक्याचा असतो. उपाय म्हणजे मोजणी. पत्त्याच्या आत उघडणारे आणि बंद होणारे कंस सारखे असतील तर शेवटचा कंस पत्त्याचा, बंद होणारा जास्त असेल तर वाक्याचा. या एका नियमाने १७ दुवे सुधारले. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांनी कंसांच्या जागी %२८ आणि %२९ लिहावं, पत्ता तोच राहतो. मजकुरात पत्ता द्यायचा झाला तर तो टोकदार कंसांत ठेवावा अशी शिफारस त्याच आरएफसीच्या परिशिष्टात आहे. मी आता नव्या नोंदी तशाच लिहिते.

मराठी पत्ते आले आणि नियम मोडला

दुसऱ्या आठवड्यात मराठी विकिपीडियाचे पत्ते घेतले. शेवटी देवनागरी शीर्षक असलेले. तोवर मी नियम जरा कडक करून 'अक्षरं आणि अंक असतील तिथवर पत्ता' असा केला होता. त्यासाठी पायथनमधली अक्षर ओळखणारी नेहमीची खूण वापरली, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू. 'मराठी' या पानाचा दुवा 'मर' एवढ्यावरच तुटला.

यावर दोन संध्याकाळी गेल्या. ती खूण देवनागरी व्यंजनं आणि स्वर ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, त्यांचा वर्ग वेगळा, 'चिन्ह' असा. म्हणून 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे पडतात. तुमच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मराठी शब्द काना-मात्रेवर तुटत असतील तर आधी इथे बघा. मी देवनागरीचा अख्खा पट्टा, यू+०९०० ते यू+०९७एफ, नियमात थेट लिहिला आणि दुवे सलग झाले.

झाले, पण एका नव्या अडचणीसकट. माझ्या नोंदींत असं लिहिलेलं होतं: '…/विकी/मराठीवर सविस्तर माहिती आहे.' नियमाने आता 'मराठीवर' हेच शीर्षक धरलं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत पत्त्यानंतर मोकळी जागा येतेच, आपल्याकडे 'वर', 'मध्ये', 'चा', 'ला' थेट येऊन बसतात. देवनागरी पत्त्यात घेतली नाही तर पत्ता तुटतो, घेतली तर प्रत्यय गिळला जातो. प्रत्ययांची यादी करून शेवटून कापायचं म्हटलं तर 'वर'ने संपणारी खरी शीर्षकंही कापली जातात. दोन दिवस खटपट करून मी ते सोडलं. पत्ता आणि दिसणारा मजकूर एकच ठेवला तर या प्रश्नाला उत्तर नाही. त्याबद्दल पुढे लिहितेय.

%ई२%८० ही पाऊलखूण

हा भाग मला सगळ्यात आवडला. पत्त्यात देवनागरी अक्षर गेलं की ते टक्का-संकेतात बदलतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्यासकट तीन अक्षरं लागतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'मराठी'त म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून ४५ अक्षरं. त्या लांबलचक जंजाळाला घाबरू नका, ते वाचता येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह %ई०%ए४ किंवा %ई०%ए५ ने सुरू होतं. तिथे मध्येच %ई२%८० दिसलं की समजायचं, कुणीतरी पाहुणा शिरलाय.

पाहुणे कोण? %ई२%८०%८बी म्हणजे शून्य रुंदीची मोकळी जागा. दुसरीकडून मजकूर कॉपी करताना ती पत्त्याच्या शेवटी चिकटून येते आणि डोळ्यांना दिसत नाही. %ई२%८०%९सी आणि %९डी म्हणजे वळणदार अवतरणचिन्हं. वर्ड प्रोसेसरमध्ये दुव्याचा कोड लिहिला की तो सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतो, एचटीएमएल ती ओळखत नाही आणि ती पत्त्याचाच भाग बनतात. असे ३१ मृत दुवे माझ्याकडे निघाले. ही खूण शोधून सगळे एका तासात सापडले.

मग मी उत्साहात शून्य रुंदीची सगळी चिन्हं सगळ्या पत्त्यांतून पुसून टाकली, आणि चालू असलेले चार दुवे बंद पडले. त्यातला एक 'ऱ्हास'चा होता.

'ऱ्हास'मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे %ई२%८०%८डी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण पत्ता म्हणून पूर्ण वेगळे. पहिला ४५ अक्षरांचा, दुसरा ५४ चा. जोडक पुसला की 'ह'वर रफार चढतो आणि शब्दच बदलतो. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (समान मानलेली रूपं एकसारखी करायची प्रक्रिया) या दोन रूपांना एक करत नाही, मी करून पाहिलं. तेव्हा आता नियम असा: शून्य रुंदीची मोकळी जागा कुठेही असो, पुसायची. जोडक मात्र हलन्ताच्या मागे असेल तर हात लावायचा नाही. दुवा उघडत नसेल आणि शब्दात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असेल तर दुसरं रूप घालून पाहायचं.

असाच विसर्ग. 'दुःख' लिहिताना अनेकजण विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देतात. वाचताना फरक कळत नाही, पण टक्का-संकेतात एकाची नऊ अक्षरं होतात आणि दुसऱ्याचं एकच. पान अर्थातच सापडत नाही. लांबी मोजायची सवय इथेही कामी आली.

(%२५ई०%२५ए४ असं काही दिसलं तर टक्क्याचाच पुन्हा टक्का-संकेत झालाय, एकदा उलगडा की झालं.)

दिसणारा मजकूर वेगळा

प्रत्ययाच्या प्रश्नाचं उत्तर मला मराठी विकिपीडियाच्या लेखनपद्धतीत सापडलं. तिथे [[पुस्तक]]ात असं लिहिलं की कंसाला लागून आलेला काना आणि 'त' दुव्याच्या निळ्या मजकुरात ओढले जातात. दिसतं 'पुस्तकात', उघडतं 'पुस्तक'. किती समजूतदार सोय आहे ही! पण ती मूळ शब्द न बदलता प्रत्यय लागतो तिथेच चालते. 'घोडा'चं सामान्यरूप 'घोड्या' होतं, मग [[घोडा|घोड्यावर]] असं उभी रेघ घालून दोन्ही वेगळे लिहावे लागतात. मला वाटतं मराठीत दुवा देण्याची हीच खरी रीत आहे. पत्ता आपल्या जागी अविकारी राहील आणि वाक्यातला शब्द हवा तसा चालवता येईल.

म्हणून माझ्या नोंदींतले देवनागरी पत्ते मी यंत्रावर सोडले नाहीत. ६८ निघाले, सगळे हाताने केले. प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचलं, कुठला शब्द दुव्यासाठी योग्य ते ठरवलं आणि पत्ता मागे ठेवला. त्याच वेळी जुने 'इथे टिचकी मारा' सगळे काढले. पडदावाचक वापरणारे बरेचदा पानावरच्या दुव्यांची नुसती यादी ऐकतात. त्या यादीत वीस वेळा 'इथे' ऐकून कुणाला काय कळणार?

एक गोष्ट विसरू नका. पत्ताच दिसणारा मजकूर म्हणून ठेवला असेल आणि त्यात '&' असेल तर एचटीएमएलमध्ये ते '&' असं नीट संकेतात लिहा. माझ्या एका पत्त्यात '&' नंतर 'सेक्शन' हा इंग्रजी शब्द होता आणि पानावर तिथे § उमटलं. दुवा चालत होता, पण पत्ता वाचून कॉपी करणाऱ्याला चुकीचा मिळाला असता.

आजची स्थिती

४१२ पैकी ३७४ उघडतात. उरलेल्या ३८ पत्त्यांत दोष नाही, पानंच गेलीत. त्यांच्यासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या प्रती शोधतेय. २२ मिळाल्या. त्या प्रतीच्या पत्त्यात आधी १४ आकडी वेळ असते, वर्षापासून सेकंदापर्यंत, आणि तिच्यामागे मूळ पत्ता पूर्णच्या पूर्ण, त्याच्या 'एचटीटीपी://'सकट. माझ्या प्रोग्रॅमने पत्त्याच्या पोटात दुसरा पत्ता पाहिला आणि एकाचे दोन दुवे केले. पहिला अर्धवट, दुसरा मेलेला. काल रात्री क्रम बदलला: एकदा पत्ता सुरू झाला की तो संपेपर्यंत नवी सुरुवात शोधायचीच नाही. पहिली प्रत उघडली ती २००४ सालची, डाव्या बाजूला राखाडी पट्टी असलेली, आणि मी ज्या परिच्छेदासाठी तो पत्ता लिहून ठेवला होता तो तिथे होता.