सव्वीस आठवडे आणि वरचे पंधरा दिवस

नव्या नोकरीत रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि पाळी चुकली. जून 2021मध्ये लागले, जुलैत कळलं, प्रोबेशन वर्षभराचं. आनंद झालाच, पण पाठोपाठ आलेला विचार खरा सांगायचा तर असा होता: आता सगळ्यांना वाटणार, हिला मुलाखतीच्या वेळीच माहीत होतं.

ऑक्टोबरपर्यंत ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. काम घरूनच चाललं होतं आणि कॅमेऱ्यात मानेखालचं काही दिसत नाही, त्यामुळे निभावलं. शेवटी मॅनेजरना सांगितलं. "अरे वा, अभिनंदन!" मग दोन सेकंद शांतता. मग, "एचआरशी बोलून घ्या." एचआरच्या मॅडम फोनवर फार गोड बोलल्या. "अगं, पण तू प्रोबेशनवर आहेस ना? मॅटर्निटी लीव्ह कन्फर्म झालेल्यांना असते. तुझं विदाउट पे करावं लागेल."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"चा मला अजून राग येतो. दोन रात्री आम्ही दोघं बिनपगारी सहा महिन्यांचा हिशेब मांडत बसलो. गृहकर्जाचा हप्ता काही बाळंतपणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मी मातृत्व लाभ अधिनियम, 1961 वाचायला घेतला. भाषा रुक्ष होती, पण कलम 5 नीट वाचलं तर त्यात प्रोबेशनची अटच नव्हती. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं असावं. माझे 80 दिवस तोवर भरतच आले होते.

मेल लिहिला. चारच ओळी: रुजू झाल्याची तारीख, डॉक्टरांनी दिलेली तारीख, कलमाचा आकडा आणि "कृपया लेखी कळवावे". फोन मुद्दामच केला नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, "अप्रूव्ह्ड". आधी चुकीचं सांगितलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. खरं तर नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला हे हक्क लेखी कळवायचे, असं 2017च्या दुरुस्तीत म्हटलं होतं. माझ्या नेमणूकपत्रासोबत लॅपटॉप जपून वापरण्याचं पत्रक मात्र होतं.

मग रजेची मोजणी. पूर्वी बारा आठवडे होते, 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस झाले. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. सव्वीस आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. दिवसांत मोजले की 182, आणि त्यात शनिवार-रविवार, सणवार सगळं आलं. माझी तारीख 14 मार्च 2022 होती. "शेवटपर्यंत काम कर, तेवढे दिवस बाळासोबत जास्त मिळतील," हा सल्ला मला ज्या-त्या मैत्रिणीने दिला. मीही तसंच ठरवलं होतं. पण फेब्रुवारीत पायांना इतकी सूज यायला लागली, की संध्याकाळी चपलेत पाय जाईना. 21 फेब्रुवारीपासून रजा टाकली. मुलगी नऊ दिवस आधीच, 5 मार्चला झाली. म्हणजे बारा दिवस आधी खर्च झाले, उरले 170. शेवटचा दिवस 21 ऑगस्ट, रविवार. सोमवारी हजर.

त्या सोमवारी ती साडेपाच महिन्यांची होणार होती. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून आमच्या डॉक्टरांपर्यंत सगळे सांगत होते. म्हणजे पंधरा दिवस कमी पडत होते. हे पंधरा दिवस मला त्या 182 दिवसांपेक्षा जड गेले.

ते भरून काढले नवऱ्याने. खासगी नोकरीत बापाला रजा द्या असं कायदा सांगत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात, याच्या कंपनीचं धोरण पाच दिवसांचं. ते पाच दिवस दवाखान्यातच संपले. म्हणून आम्ही त्याची साठलेली हक्काची रजा जपून ठेवली होती. त्याने 22 ऑगस्टपासून दोन आठवड्यांचा अर्ज केला, तर साहेबांनी काळजीने विचारलं, "मिसेस आजारी आहेत का?" "नाही सर, ती कामावर जातेय." साहेबांना हे काही केल्या पटेना.

परत आल्यावरचं सांगते, कारण त्याबद्दल मला आधी कुणीच धड सांगितलं नव्हतं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी मिळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता यायला हवं. आमच्या कंपनीने पाळणाघर ठरवलं होतं, अर्ध्या तासाच्या अंतरावर. चार फेऱ्या म्हणजे चार तास रस्त्यातच. मी मुलीला घरीच ठेवलं, आधी तिचा बाबा, नंतर माझी आई. मग ती दोनदाची सुट्टी माझ्या काय कामाची? कायद्यात दूध पाजण्याचा उल्लेख आहे, दूध काढून ठेवण्याच्या पंपाचा नाही.

पुन्हा मेल. या वेळी उत्तर लवकर आलं, सुट्टी पंपासाठी वापरा, जागा म्हणून स्टोअर रूम. जुने कीबोर्ड, प्रिंटरची शाई, कुणाच्या तरी निरोप समारंभाचे फुगे. दाराची कडी तुटलेली. मी खुर्ची दाराला लावून, त्यावर स्वतः बसून पंप करायचे, म्हणजे कुणी ढकललंच तर आधी मी हलेन. पंपाचा खर्र-खर्र आवाज बाहेर जायचा. बाहेरच्या टेबलावरचा एक ज्युनिअर मुलगा त्या वेळी न चुकता हेडफोन लावायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही, पण मनातून आभार मानले. सकाळी अकरा आणि दुपारी तीन. अकराच्या ऐवजी साडेबारा झाले की ब्लाउज ओला. मीटिंग लांबायला लागली की मी फाईल छातीशी धरून बसायचे.

दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस, म्हणून बाटल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये. त्यावर तारीख आणि वेळ लिहून चिकटवायचे. एकदा बाटली आडवी करून कुणीतरी मागे ढकलली होती, झाकण सैल, सगळं सांडलेलं. साधारण दीडशे मिली असेल. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. आई म्हणाली, "अगं, एवढ्याशा दुधासाठी?" तिला दोष देत नाही.

घरून काम करण्याबाबतही कायद्यात एक वाक्य आहे: कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने. संमती म्हणजे मालकाच्या मर्जीवर आलं. पण आधीची दोन वर्षं सगळी टीम घरूनच काम करत होती, त्यामुळे "हे काम घरून होत नाही" असं म्हणायला मॅनेजरना जागाच नव्हती. आठवड्यातून दोन दिवस, तीन महिन्यांसाठी मिळाले. मार्चच्या अप्रेझलमध्ये श्रेणी मधली आली, "कारण यंदा तुमचं काम कमी महिन्यांचं." यावर केलेल्या मेलला मात्र उत्तर नाही.

एक जाता जाता. मुंबई कायदेमंडळात 1928 साली बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता, आणि 1929 साली मुंबई प्रांतात कारखान्यांतल्या बायकांसाठी तो कायदा झालाही. हे मी स्टोअर रूममध्ये बसून फोनवर वाचलं. त्या कारखान्यांतल्या बायकांना कडी लागणारी खोली मिळत होती का, असा एक निरुद्योगी प्रश्न तेव्हा डोक्यात येऊन गेला.

कडीची तक्रार मी सप्टेंबर 2022मध्ये रीतसर नोंदवली होती. मुलगी तेरा महिन्यांची झाली तेव्हा, एप्रिलमध्ये, मी पंप बंद केला. मे महिन्यात मेल आला: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." जाऊन बघितलं, तर नवी कोरी पितळी कडी. एकदा लावून पाहिली. छान घट्ट बसत होती.