मामाची व्हीलचेअर

चार दिवस गोव्यात राहून मी समुद्र पाहिला नाही, हे ऑफिसात कुणाला पटत नाही. कोल्हापुराहून आंबोलीमार्गे उतरले ती थेट म्हार्दोळला, मामाच्या घरी. मामा-मामी लेकाकडे टोरोंटोला निघाले होते आणि पहिले तीन दिवस मामीचे बॅग भरण्यात आणि उपसण्यात गेले. एका बॅगेला 23 किलो. हातकाट्याला बॅग अडकवायची, आकडा बघायचा, मग सोलांचा पुडा बाहेर, कुळथाचं पीठ आत. रात्री पुन्हा सोलं आत.

मामा त्यात नव्हताच. तो कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. पावसाआधीची मोरचूद-चुन्याची फवारणी त्यानं उभं राहून करून घेतली आणि दुसरी 40 दिवसांनी करायची, नाहीतर कोळेरोगानं सुपारी गळते, हे मला तीनदा सांगितलं. मी कोल्हापुरात राहून काय करणार होते, देव जाणे. कॅनडात लेकाकडे जाणाऱ्या आईबापांना मिळतो त्या सुपर व्हिसावर आता एका दमात पाच वर्षं राहता येतं, असं मी म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मठेपच सुनावली. "दिवाळीला परत," एवढंच बोलला.

विमान पहाटेचं, दोहामार्गे. दाबोळीचा विमानतळ जवळ पडला असता, पण हे मोपाचं, म्हणजे पार पेडण्यात. रात्री बाराला निघालो. म्हापशाच्या पुढे मामी सहज म्हणाली, "तिथं ह्यांना व्हीलचेअर सांगितलीय."

माझं डोकंच फिरलं. वय 76 असेल, पण हा माणूस रोज कुळागराच्या पायऱ्या चढतो-उतरतो! लेकानं परस्पर ठरवलं असणार, बापाला तिकडून म्हातारा करून टाकलं, असं बरंच काही मी गाडी चालवता चालवता बोलले. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "त्यानं नाही गो बाय, मीच सांगितली."

मागच्या खेपेला दोहात गेट बदललं होतं. पाटीवरचं इंग्रजी वाचून होईस्तोवर पाटी पुढं सरकायची. कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून एका सरदारजीच्या कुटुंबामागं चालत राहिला. ते लोक निघाले लंडनचे. "खुर्चीत बसलं की विचारावं लागत नाही. ढकलणारा बरोबर नेतो."

मामाचं शिक्षण सुरू झालं पोर्तुगीज शाळेत. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा तो बारा वर्षांचा. पुढं मराठी शिकला, इंग्रजी कामापुरतं. गंमत म्हणजे टोरोंटोत त्याचा एकच दोस्त आहे, डंडास रस्त्यावरचा म्हातारा पोर्तुगीज पाववाला. 'बों दीय' म्हटलं की तो याला तासभर सोडत नाही. नातवंडं इंग्रजीत बोलतात, सून कामावर, आणि आजोबा पाव आणायला म्हणून जातात ते जेवायच्या वेळेला उगवतात.

मोपाला तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मी काचेला नाक लावून उभी. सामान गेलं, मग एक पोरगा खुर्ची घेऊन आला. मामानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग बसला. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, फोटो काढायला बसतात तसा. पोरगा भराभर ढकलत निघाला आणि मागून मामी, खांद्यावर पर्स, हातात औषधांची पिशवी, एक गुडघा आखडून लंगडत. खरे दुखणारे गुडघे तिचे. डॉक्टरनं जिने वर्ज्य सांगितलेत.

मी तिथूनच फोन लावला. अगं, तुला का नाही सांगितली खुर्ची?

"मला कशाला?" धापा टाकत मामी म्हणाली. "मी विचारते की कुणालाही."