शेजारच्या आजोबांकडून कळलेली एनआरए
आज इथे अमेरिकेत, सिनसिनाटीत शेजारच्या आजोबांशी मस्त गप्पा झाल्या, जुने शिकारी आहेत ते, म्हणाले माझ्या वडलांच्या वेळी एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन, इथली बंदूकवाल्यांची मोठी संघटना) म्हणजे नेमबाजी शिकवणारी संस्था, बाकी काही नाही. घरी येऊन वाचत बसले तर खरंच की! 1871 मध्ये सिव्हिल वॉर (अमेरिकेतलं यादवी युद्ध) लढलेल्या अधिकाऱ्यांनी सैनिकांचा नेम सुधारावा म्हणून काढलेली, आणि 1934 च्या बंदुकांवरच्या कायद्याच्या वेळी तर त्यांचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनीच संसदेच्या समितीपुढे सांगितलं की सरसकट बंदुका घेऊन फिरणं मला पटत नाही, लायसन्स पाहिजेच. केनेडींवर झाडलेली रायफल पोस्टाने मागवलेली होती, त्यानंतर अशा विक्रीवर बंदी घालायलाही एनआरएच्या वरिष्ठांचा पाठिंबा होता.
मग 1977 ला इथेच, आमच्याच गावात, अधिवेशनात सभासदांनी पहाटेपर्यंत बसून जुने नेते हटवले, त्यांच्या जागी कडक भूमिकेचे हार्लन कार्टर आले आणि बंदुकीवर कुठलंही बंधन नको हाच सूर लागला.
लेकीच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल (गोळीबार झाला तर लपायचा सराव) असतं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, त्यामुळे हे सगळं वाचून खूप राग आला. आजोबांनी शिकार सोडली नाही पण एनआरएची मेंबरशिप सोडली, बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी) प्रत्येक विक्रीला हवा म्हणतात, आणि असे बंदूकवाले इथे बरेच आहेत हो.