आमची वाटचाल : टनामागे किती युनिट?

ठाण्याच्या वागळे इस्टेटला रोड नंबर 22 च्या आतल्या गल्लीत आमचा मोटर रिवाइंडिंगचा गाळा, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरून द्यायची. 1993 च्या दसऱ्याला पाटी लावली तेव्हा आत एक वाइंडिंग मशीन, एक मेगर (इन्सुलेशन तपासायचा), एक टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचा) आणि दोन मालक, एवढंच होतं. दुसऱ्या मालकाचं पुढे येईलच. मेगर हाताने फिरवायचा. आता डिजिटल दोन आहेत, तरी शंका आली की मी जुन्याचाच दांडा फिरवतो.

रिवाइंडिंगवाल्याला लोक मिस्त्री म्हणतात. म्हणोत. पण कारखान्यात वीज कुठे मुरते ते मिस्त्रीला आधी कळतं. जळलेली कॉइल सुटत नाही म्हणून स्टेटरवर, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागावर, रॉकेल ओतून काडी लावायची, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड. तांबं झटक्यात निघतं, पण स्टेटरच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशनही जळून जातं. मोटर फिरते, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि पुढे कायम ती जादा वीज खाते, तापते. 1996 ला आम्ही भट्टी बनवून घेतली. काटा 350 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, मग एका स्टेटरला रात्र लागली तरी चालेल. इन्सुलेशनचा लेदरॉइड पेपर नवा, बांबूच्या पट्ट्या घरी तासलेल्या, वार्निश दोनदा. भागीदाराला हे पटत नव्हतं. "मोटर फिरली की झालं. शेठच्या बिलाचं आपल्याला काय?" असं तो म्हणायचा.

मधली बारा-तेरा वर्षं बरी गेली. लोडशेडिंगच्या काळात मोटरी भरपूर जळत.

2009 ला भागीदार वेगळा झाला. एका डब्यात जेवलेला माणूस, जाताना माझ्या गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. त्याने घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये वीज वाचवणारा डबा विकायला सुरुवात केली. लाल दिवा, चकचकीत स्टिकर. सेक्रेटरीसमोर पंपाच्या वायरीला टाँग टेस्टर लावायचा, 14 अँपियर. डबा जोडायचा, 10 अँपियर. टाळ्या! आता तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे की आत कपॅसिटर आहे. पॉवर फॅक्टर सुधारला, म्हणजे काम न करता तारेतून नुसता ये-जा करणारा करंट उतरला. पण सोसायटीचं मीटर किलोवॅट-तास मोजतं, अँपियर नाही. बिल जिथल्या तिथे. मोठ्या हाय टेन्शन गिऱ्हाइकाला 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे त्या ये-जा करणाऱ्या करंटसकट, बिल येतं, तिथे कपॅसिटरचा उपयोग आहेच. सोसायटीच्या पंपाला काडीचा नाही. मी हे सांगायला गेलो तर एक सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही जुने भागीदार ना, तुम्हाला पोटदुखी असणारच." अकरा सोसायट्यांची वार्षिक कामं गेली. तांबंवाल्याने उधारी बंद केली, पाच महिन्यांचं भाडं थकलं, लेथ विकला. चार कारागिरांतले तीन मीच सोडले. एकाला तर सोडतो म्हणून सांगायलाही मला तोंड नव्हतं, बायकोने सांगितलं.

तेव्हा उभं केलं ते दिवाळे गावच्या बर्फवाल्या काकांनी. बेलापूरच्या खाडीजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना, गिऱ्हाईक सगळे कोळी. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया कॉम्प्रेसरची मोटर मध्यरात्री बसली की त्यांचा फोन यायचा, "बरफ थांबंल पोरा, पन मावरं थांबनार नाय." मावरं म्हणजे मासळी. मी त्यांना म्हटलं, एक महिना मला फक्त मोजू द्या, पैसे नकोत. रोज सकाळी मीटरचा आकडा आणि बर्फाच्या किती लाद्या निघाल्या, दोन्ही वहीत. बर्फाच्या टनाला 70 युनिट निघाले. मग कंडेन्सरच्या, म्हणजे तापलेला अमोनिया थंड करणाऱ्या, नळ्यांतला क्षार काढला. ब्राइनचा, म्हणजे टाकीतलं थंड मिठाचं पाणी फिरवणारा, पंप व्हॉल्व्ह आवळून चालवत होते, त्याला ड्राइव्ह, म्हणजे वेग बदलणारं यंत्र, लावून वेग कमी केला. ज्या पंपाला पाणी उंच चढवायचं नसतं, नुसतं फिरवत ठेवायचं असतं, त्याचा वेग 20 टक्के उतरवला की वीज जवळपास निम्मी लागते. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे गाडीचा एक्सिलरेटर दाबून ब्रेकवर पाय ठेवणं. तीनदा भरलेली 10 एचपीची मोटर काढून आयई-3 बसवली. आयई म्हणजे मोटरीच्या कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी. माझंच रिवाइंडिंगचं काम गेलं, पण हिशेब सरळ होता. या मापात आयई-1 ची कार्यक्षमता 86 टक्के, आयई-3 ची 90.4. रोज 16 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर फुल लोडला दोन हजारांवर युनिट वाचतात. आपल्या ग्रिडची वीज बहुतेक कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका मोटरीमागे वर्षाला सुमारे दीड टन. हे सगळं करून काका बर्फाच्या टनाला 61 युनिटवर आले. काकांनी त्यांच्या नात्यातल्या तिघांना माझ्याकडे धाडलं, आणि गाळा राहिला.

(सोसायटीवाल्यांनो, कोणी काही विकायला आला तर मीटरचा आकडा आधी आणि एक महिन्याने लिहून मागा. आणि जरुरीपेक्षा मोठी मोटर घेऊ नका, अर्ध्याहून कमी लोडवर ती पैसे खाते.)

आता गंमत. काकांनी वाचलेल्या पैशांत बर्फ गोठवायची दुसरी टाकी बसवली. टनाचे युनिट उतरले, एकूण बिल चढलं. माझा मुलगा पर्यावरणाचा अभ्यास करतो. तो म्हणाला, बाबा, 1865 मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रजाने कोळशाबद्दल हेच लिहिलंय. इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, जास्तच जळतो. मग तुम्ही वाचवलं काय?

मला राग आला, कारण उत्तर चटकन सुचलं नाही. रात्री सुचलं. दुसऱ्या टाकीमुळे खाडीवर दोन बोटींचं मावरं सडायचं थांबलं. तेही मोजायला नको का? आमचं गाव शहापूर तालुक्यातलं. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. माझी आई डोक्यावर हंडे वाहायची, विहिरीवर मोटर बसली ती मी सातवीत असताना. भारतात माणशी वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास वीज लागते, अमेरिकेत 12,000 च्या आसपास. काटकसरीचं आधी कोणाला सांगायचं? मुलगा म्हणाला, हे खरं, पण खाडीचं पाणी तापतंय तेही खरं, मावरं दूर जातंय. तेही खरंच. काकाच सांगतात.

गेल्या महिन्यात काकांचा मुलगा तिसऱ्या टाकीचं विचारायला आला. मी म्हटलं, टाकी नको, वेळ बदल. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त म्हणून आपण रात्री बर्फ गोठवत होतो. आता सौर आली, दुपारची स्वस्त झाली. बर्फ म्हणजे साठवलेली थंडीच ना? छपरावर पॅनल टाक, कॉम्प्रेसर उन्हात पळव, पहाटे लाद्या दे. तो म्हणाला, पहाटेपर्यंत टाकी थंडी धरेल का? मी झाकण उघडून बघितलं. बाजूचा थर्माकोल ओला होऊन फुगलाय, तीन जागी लाकूड कुजलंय. उद्या नव्या अस्तराचं कोटेशन द्यायचंय, आणि जुन्या भागीदाराचा एक डबा मीटररूममध्ये अजून लटकतोय, तो उतरवायचा आहे.