‘अनकूथ’ आहे, मग ‘कूथ’ कुठे गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजीत अनकूथ म्हणजे असभ्य, गावंढळ. मग सभ्य माणसाला नुसतं ‘कूथ’ का म्हणत नाहीत? इंग्रजी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न मला वर्गात येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो.

‘कूथ’ होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओळखीचा, ठाऊक असलेला. अनकूथ म्हणजे फक्त अनोळखी. मी फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक लिहिते, ‘अन-कूथ’ आणि ‘अ-ज्ञात’, आणि खडूनं वरून खाली दोन रेघा ओढते. त्यांचा ‘अन’ आणि आपला ‘अ’ मुळात एकच नकार. ‘कूथ’ आणि ‘ज्ञात’ही एकाच धातूतून आलेले. मागच्या बाकांवरची कुजबुज तिथे थांबते.

‘बेओवुल्फ’ या जुन्या काव्यात राक्षसाच्या डोहाकडे जाणारी अरुंद वाट अशीच अनकूथ आहे. वाट कसली असभ्य असणार? ती कुणाच्या पायाखालची नव्हती, एवढंच. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात तर मुक्कामाला आलेला माणूस पहिल्या रात्री अनकूथ, दुसऱ्या रात्री पाहुणा आणि तिसऱ्या रात्री घरचाच गणला जाई. मग त्यानं काही गुन्हा केला तर जाब यजमानाला द्यावा लागे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!

पुढे अर्थ घसरत गेला. अनोळखी ते विचित्र, विचित्र ते ओबडधोबड, ओबडधोबड ते असंस्कृत. मला हे फार लागतं. ओळख नव्हती ती बघणाऱ्याला, आणि बट्टा लागला समोरच्याला. (‘नाइस’चं नशीब उलटं. तो लॅटिनमधल्या ‘न जाणणारा’ या शब्दातून आला, आधी मूर्खाला लावत, आता चांगल्याला.) एकदा नंदुरबारकडची एक विद्यार्थिनी वही मिटून म्हणाली, “मॅडम, वसतिगृहात आमच्या बोलीला अडाणी म्हणतात. त्यांना ती येत नाही ना, म्हणून.” त्या दिवशी मी पुढचा धडा घेतलाच नाही.

तर ‘कूथ’ वापरातून गेला. १९व्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी गमतीनं ‘अन’ काढून तो पुन्हा घडवला, पण तोवर अर्थ ‘सभ्य’ झाला होता. जुन्या अर्थाचं त्याचं भावंड मात्र अजून आहे. ‘किथ अँड किन’ म्हणतात ना, त्यातला किन म्हणजे नातलग, आणि किथ म्हणजे ओळखीपाळखीची माणसं.